दगडाची जागा

मागच्या पंधरवड्यात इंदूरच्या एका ताईंनी त्यांच्या वाड्याच्या चौकाबद्दल छान लिहिलं होतं. त्यावर कोणीतरी विचारलं, हैदराबादवाल्यांना अंगण असतं, की नुसते दगडच? थट्टेनं विचारलं असेल, पण आमच्या घरापुरतं ते अगदी खरं आहे. म्हणून लिहायला बसले. लांबलंय जरा, चहा घेऊनच बसा.

मी १९८४ साली लातूरहून लग्न होऊन इथं आले. लातूरकडं दगड म्हणजे काळा. वाड्याची भिंत काळी, विहिरीचं बांधकाम काळं, पाटा-वरवंटा काळा. लग्नानंतर एस.टी.नं उदगीर, बीदर करत निघालो. बीदरला जमीन एकदम लाल झाली, किल्लासुद्धा तसल्याच लाल दगडाचा. पुढं संगारेड्डी ओलांडली आणि खिडकीतून जे दिसायला लागलं ते बघून मी ह्यांना विचारलं, "हे कोणी रचून ठेवलंय?" करड्या-गुलाबी रंगाचे, हत्तीएवढे गोल दगड, एकावर एक. काही तर असे, की आत्ता पडतील. हे हसले नि म्हणाले, "घरी चल, आपल्याकडं पण एक आहे."

मला वाटलं नवरा चेष्टा करतोय. मौला अलीच्या डोंगराच्या पूर्वेला असलेल्या आमच्या घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं, तर माप ओलांडायच्या आधीच तो दिसला. घरापेक्षा उंच. घराची एक भिंत त्याला टेकवूनच बांधलेली.

त्या खडकाची गोष्ट सांगायची तर आधी १९५६ सांगायला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडं गेले नि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. मराठी नोकरदारांच्या घराघरांत तेव्हा एकच चर्चा, जायचं की राहायचं? सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांतून कितीतरी बिऱ्हाडं औरंगाबादला, नांदेडला गेली. माझे सासरे, म्हणजे मामंजी, रेल्वेत कारकून. त्यांचे वडीलच मुळात काचीगुड्याला येऊन राहिलेले, मुलं विवेकवर्धिनीत शिकत होती, मराठी ग्रंथसंग्रहालयातून घरी पुस्तकं येत होती. मामंजींनी राहायचं ठरवलं. पण राहायचं तर स्वतःचं छप्पर हवं, आणि गावातल्या जागा परवडणाऱ्या नव्हत्या.

१९६२ साली त्यांना ही जागा मिळाली. स्वस्त मिळाली, कारण निम्म्या जागेत खडक. कागदावर चौरस वार भरपूर, पण घर कुठं बांधणार? ओळखीतले लोक त्यांना मागून "दगडाची जागा घेतलेले" म्हणायचे.

खडक फोडायचा म्हणून त्यांनी मेस्त्रीला आणलं. आपण ज्यांना वडार म्हणतो त्यांना इकडं वड्डेर म्हणतात. काम तेच. त्यांची रीत मामंजी फार रंगवून सांगायचे. आधी खडकावर हातोडीनं ठोकत फिरायचं, आवाज ऐकायचा. बद्द आवाज आला की तिथं आत भेग. मग छिन्नीनं ओळीत भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या, आणि एकेक पाचर पाळीपाळीनं हाणत जायचं. किंवा खडकावर लाकडं रचून जाळ करायचा, तापलं की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, मग पहार घालून उचलायचा. मेस्त्री दोन तास आमच्या खडकावर ठोकत फिरला नि खाली उतरून म्हणाला, "साब, इसकू नक्को छेडो. इसमें दरार नै." फोडता येईल, पण जागेपेक्षा फोडणावळ जास्त होईल, हा त्याचा हिशेब.

तेव्हा आमचा खडक वाचला तो कुणाच्या प्रेमापोटी नाही, पैशापोटी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं घरात कधी विषय निघाला की सगळे असं बोलायचे जणू मामंजींनी निसर्गरक्षण केलं!

सासूबाईंना मात्र (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो) खात्री नव्हती. आज नाही तर उद्या हे फोडतील असं त्यांना वाटायचं. त्यांनी खडकाच्या एका कोनाड्यात शेंदूर लावून म्हसोबा करायचा घाट घातला. देव केला की कोण हात लावणार? पण मामंजी पक्के आर्यसमाजी, त्यांचे थोरले बंधू १९३८-३९ च्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. घरात दगडाला शेंदूर? शक्यच नाही. शेवटी आईंनी त्या कोनाड्यात तुळस ठेवली, आणि त्यावर दोघांचं जमलं.

हे असले खडक आले कुठून, ते मला खूप उशिरा कळलं. इथं गमतीनं सांगतात, देवानं जग घडवलं आणि उरलेले दगड इथं ओतून दिले. शास्त्र सांगतं ते याहून नवलाचं. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल थिजला. आपला काळा दगड, सह्याद्रीचा नि लातूरचा, हा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यासमोर अगदीच लहान पोर. वरचं आवरण झिजत गेलं तसा हा ग्रॅनाइट वर आला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांत पाणी मुरलं, आणि कोपरे आधी कुजले. कोपरे कुजले की चौकोनी ठोकळा गोल होतो. कुजून झालेला मुरूम पावसानं वाहून नेला, आणि गोटे जिथल्या तिथं एकावर एक उभे राहिले. म्हणजे रचले कोणीच नाहीत. मधलं निघून गेलं, हे उरले.

आणि तो मुरूम म्हणजेच आमच्या अंगणातली माती. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

खडकाशेजारी माणसानं राहायचं कसं, याचे धडे बंजारा हिल्सवर मोठ्या लोकांनी आमच्या आधीच गिरवले होते. मेहदी नवाज जंग, जे १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले, त्यांनी त्या ओसाड टेकड्यांवर सुरुवातीच्या काळात घर बांधलं ते खडक न फोडता, त्यांना घरात सामावून घेऊन. पुढं नरेंद्र लूथर साहेबांच्या दिवाणखान्यातला खडक तर सगळ्या शहराला माहीत झाला. पण ते नवाब नि आयएएस. आमच्यासारख्या कारकुनाच्या घरी खडक म्हणजे आधी वाळवणाची जागा. उन्हाळ्यात पाठीवर चटके बसतील असा तापायचा. त्यावर जुनी धोतरं अंथरून पापड, कुरडया, सांडगे. दिवाळीत पोरांना किल्ला करायला माती लागायची नाही, आयता किल्ला! आमच्या घरच्या किल्ल्यावर मावळे बसायचे, पण पायथ्याला शेजारची तेलुगू पोरं गोलकोंड्याचा दरवाजा करायची. वाद घालून शेवटी दोन्ही एकाच किल्ल्यात मावायचं.

खडकाच्या भोवतीनं जी माती होती, तिथं लावलेलं असं काही नव्हतं. एक कडुनिंब, एक आपोआप आलेलं सीताफळ. बाकी सगळं तण. पण तण हा शब्द आईंच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या "हिरवं" म्हणायच्या.

जून संपता संपता पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत हिरवं यायचं. घोळ यायची, तिला शेजारच्या अम्मा गंगवायिलकूर म्हणायच्या नि डाळीत घालायच्या, आई पीठ पेरून भाजी करायच्या. तांदुळजा यायचा. पुनर्नवा खडकाच्या पायाशी पसरायची. कुर्डू यायचा, त्याचा कोवळा पाला भाजीला. माका यायचा, तो तेलात. लव्हाळा तर बारमाही. त्याच्या गाठी, म्हणजे नागरमोथा, आई वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालायच्या. हरळीतून गणपतीच्या दूर्वा. आणि कुंपणाच्या कडेनं आघाडा.

मला आल्या आल्या हे सगळं नीट कळलं नव्हतं. लातूरला आमचं अंगण शेणानं सारवलेलं, हिरवं काही उगवलंच तर खुरपं घेऊन काढायचं. मी पहिल्याच श्रावणात उत्साहानं अख्खी कड साफ करून टाकली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जिवतीची पूजा. आई बाहेर आल्या, कुंपणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आघाडा कामून काढला गं?" एवढंच. जिवतीच्या कागदाला दूर्वा नि आघाड्याची माळ लागते, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी मी उकिरड्यातून आघाडा शोधून आणला. ती पूजा लेकरांसाठी असते. मला अजून लेकरू नव्हतं, आईंची दोन होती.

गंमत म्हणजे तेच गवत शेजाऱ्यांच्या देवालाही लागायचं. भाद्रपद अमावास्येला, आपली सर्वपित्री असते तेव्हा, बतुकम्मा सुरू होते. तिच्या फुलांच्या रचनेत गुनुगू नि तंगेडू मुख्य. गुनुगू म्हणजे आपलं कुर्डूचं फूल, चांदीच्या रंगाचं, टोकाला गुलाबी. तंगेडू म्हणजे पिवळा तरवड, जे आता तेलंगणाचं राज्यफूल आहे. दोन्ही आमच्या खडकाभोवती. त्या नऊ दिवसांत गल्लीतल्या बायका आमच्या फाटकातून न विचारता आत यायच्या. संध्याकाळी त्यांची बतुकम्मा नि आमचा भोंडला एकाच मोकळ्या जागेत, हत्ती इकडं नि फुलांचा मनोरा तिकडं.

एक मात्र पाहुणा असा होता की ज्याला आईंनीही कधी थारा दिला नाही. गाजर गवत. हे गवत अमेरिका खंडातलं, आपल्याकडं १९५० च्या दशकाच्या मध्याला पहिल्यांदा ठळक दिसलं ते पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर आलं असं सर्वसाधारणपणे मानतात, म्हणून काँग्रेस गवत. मराठीत त्याला चटक चांदणी म्हणतात, आणि तेलुगूत वय्यारी भामा, म्हणजे नखरेल बाई. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवलं, इतकं ते दिसायला नाजूक! अंगाला लागलं की खाज, फुलांची पूड नाकात गेली की शिंका नि दमा. एकेका झाडाला हजारो बिया. १९८४ साली, माझ्या लग्नाच्याच वर्षी, बंगळुरूला ते खाणारे मेक्सिकोचे भुंगे सोडले होते. ते पुढं पसरलेही, पावसाळ्यात पानं खातात, पण सगळं संपवत नाहीत. आई हाताला जुनं फडकं गुंडाळून ते फुलायच्या आत मुळासकट उपटायच्या. माती ओली असतानाच, कारण सुकल्यावर देठ तुटतो नि मूळ राहतं. हे काम त्यांनी कुणावर सोपवलं नाही.

मामंजी १९९७ ला गेले. त्याच सुमाराला शहर बदलायला लागलं. १९९८ ला सायबर टॉवर्स उभं राहिलं, आणि पश्चिमेकडचे खडक झपाट्यानं जायला लागले. थोड्याच वर्षांत ती लाट आमच्या बाजूलाही आली. आता छिन्नी नि पाचर नाही. दुपारी शिट्टी वाजायची, कोणीतरी लाल फडकं हलवायचं, आणि मग सुरुंग. भांडी हलायची मांडणीवरची. दर वेळी आई बाहेर येऊन आपल्या खडकाकडं बघून जायच्या, तो जणू घाबरला असेल. समोरच्या तीन जागांतले खडक असे दोन वर्षांत गेले. त्याची खडी झाली, खडीचा रस्ता झाला, काँक्रीट झालं. याविरुद्ध बोलणारे लोकही होते. 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' १९९६ पासून काम करते, लोकांना खडकांतून फिरवून आणते, काही शिळासमूह वारसा म्हणून यादीत आले ते अशांच्या पाठपुराव्यामुळं. पण खाजगी जागेतल्या एकट्यादुकट्या खडकाला कोण विचारतो? तो मालकाच्या मर्जीवर.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझे धाकटे दीर, भाऊजी, वीस वर्षं अमेरिकेत होते, शेवटची बरीच वर्षं ॲरिझोनात फीनिक्सजवळ. २००९ ला कायमचे परत आले. आई ७५ च्या, त्यांच्याजवळ राहायचं म्हणूनच आले, हे आधी सांगायला हवं. त्यांच्या तिकडच्या घराचे फोटो आम्ही पाहिले होते. दारापुढं हिरवळ नाही, सगळीकडं बारीक खडी पसरलेली, मध्ये दोन-चार मोठे दगड नि निवडुंग. तिकडं पाण्याची टंचाई, म्हणून हिरवळीऐवजी दगड पसरायची पद्धतच आहे. दिसायला स्वच्छ, पाणी लागत नाही, साप-विंचू पटकन दिसतो. भाऊजींना वाटलं, आपल्याकडं तर खडक आयता आहे, भोवती नुसते गोटे टाकले की झालं. आणि आईंना दर पावसाळ्यात वाकून तण काढायला नको.

मला विचारलं, मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. माझी पण कंबर धरायला लागली होती. आईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं घर आहे रे." आम्ही तो होकार धरला.

२०१० च्या एप्रिलमध्ये एक ठेकेदार आला. त्यानं वरची वीतभर माती खरवडून नेली, काळं प्लास्टिक अंथरलं, आणि त्यावर दोन-अडीच इंच पांढरे गुळगुळीत गोटे. राजस्थानातून आलेले. गाडी लावायला जागा हवी म्हणून खडकाचं खालचं शेपूट, आमच्या पोरांची घसरगुंडी, मशीननं कापलं. ते तुकडे उचलून न्यायला आम्ही पैसे दिले, नि त्याच आठवड्यात परगावच्या गोट्यांचे पैसे दिले. तेव्हा यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. नवीन अंगणाचे फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

पहिलं वर्ष झकास गेलं. एक पान उगवलं नाही. श्रावणात आईंनी आघाडा मोंढा मार्केटमधून मागवला, तो आला तेव्हा सुकलेला होता.

दुसऱ्या वर्षी लव्हाळा आला. प्लास्टिकला सुईसारखी भोकं पाडून वर आला. त्याच्या जमिनीतल्या गाठी माती खरवडली तरी खोल राहतातच, आणि कोंब इतका टोकदार की प्लास्टिक काय, तो डांबरातूनही निघतो. ओढला की पात निघते, गाठ खाली शाबूत, आणि आता तिच्यावर प्लास्टिक नि गोट्यांचं पांघरूण. खुरपं चालेना. तिसऱ्या वर्षापर्यंत तर गोट्यांमध्येच माती तयार झाली. कडुनिंबाचा पाला पडतो, कुजतो. रस्त्यावरची धूळ येते. समोर इमारती चालूच होत्या, त्यांची खडकाची पूड वाऱ्यानं येऊन बसायची. प्लास्टिकच्या वर बोटभर नवीन माती, आणि तिच्यात गाजर गवत, जोमात. जे खालून थांबवलं होतं ते वरून आलं. ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला फवारणी करा. औषध मारलं. हिरवी पानं जळली, लव्हाळा महिन्यानं परत आला, आणि मारलं तिथली घोळ नि पुनर्नवा मात्र कायमची गेली. प्लास्टिकखाली पाणी मुरेना, सगळं वाहून शेजारच्यांच्या भिंतीला, त्यावरून बोलाचाली. सावलीतले गोटे शेवाळून हिरवे.

भाऊजी वैतागून म्हणायचे, तिकडं तर असं होत नाही. होतं, तिकडंही लोक गोट्यांतलं गवत उपटतात, त्यांनीच नंतर कबूल केलं. पण फीनिक्सला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. हैदराबादला त्याच्या चौपट, तोही चार महिन्यांत. तिकडचा उपाय इकडं आणताना आम्ही पाऊस मोजलाच नव्हता.

२०१३ च्या श्रावणातला शुक्रवार. सकाळी साडेसहा. मी आत दूध तापवत होते. आई कुणालाही न सांगता मागच्या कुंपणाकडं गेल्या. गोट्यांच्या पलीकडं, भिंतीच्या फटीत, आघाड्याचं एक झाड उगवलेलं त्यांनी आदल्या दिवशी हेरून ठेवलं होतं. गोल गोटा पायाखाली फिरतो, ओला असला तर जास्तच. आवाज ऐकून मी धावले तेव्हा त्या पडलेल्या होत्या, आणि हातात आघाडा होता. खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात भाऊजी त्यांच्या पायाशी बसून होते, बोलत नव्हते. ज्या लेकासाठी वीस वर्षं जिवतीला माळ घातली, तो हा. आईंना शुद्ध आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "पूजा झाली का?" मी केली होती. त्यांच्या हातातलाच आघाडा घेऊन. भाऊजी तेव्हा उठून बाहेर गेले.

आईंनी कधीच कुणाला दोष दिला नाही. मला मात्र दिला असता तर बरं वाटलं असतं. पहिल्या वर्षी आघाडा काढल्यावर त्यांनी मला जसं विचारलं होतं, तसं एकदा तरी.

घरी आल्या त्या वॉकर घेऊन. वॉकर गोट्यांवर चालत नाही, हे आम्हाला त्या दिवशी फाटकात कळलं. दोघा भावांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं. २०१४ च्या उन्हाळ्यात, तेलंगण राज्य झालं त्याच्या आसपास, भाऊजींनी सगळे गोटे काढायला घेतले. ठेकेदार नाही, स्वतः, एका मजुराला सोबत घेऊन. चाळणीनं माती वेगळी केली, प्लास्टिकचे तुकडे तर अजूनही कुठंकुठं निघतात. फाटकापासून खडकाला वळसा घालून कुंपणापर्यंत तांडूरच्या फरशीची वाट केली, खडबडीत, न घासलेली, म्हणजे घसरायला नको. गोटे फक्त पन्हाळीखाली नि भिंतीलगत हातभर पट्ट्यात ठेवले, पाण्याचे शिंतोडे उडून भिंत खराब होते तिथं त्यांचा खरंच उपयोग आहे. खाली प्लास्टिकऐवजी पाणी जाऊ देणारं जाड कापड, थर तीन इंचांचा, नि कडेला उभी फरशी, म्हणजे माती आत शिरत नाही. तिथला पालापाचोळा दर आठवड्याला झाडायचा. पट्टा अरुंद असल्यामुळं ते जमतं, अख्खं अंगण जमत नव्हतं.

ज्यांना घराभोवती गोटे टाकायचेत त्यांना माझं एवढंच सांगणं, की टाका, पण झाडाखाली टाकू नका, लव्हाळा असेल तिथं आधी पावसाळाभर गाठी खणून काढा, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर चालायच्या वाटेवर गोल गोटा नको. टोकदार खडी एकमेकांत अडकून बसते, ती परवडली. आणि गाजर गवत जुलैतच, फुलायच्या आत, हातमोजे घालून.

बाकी जागा तशीच सोडली. मला वाटलं नव्हतं, पण दोन पावसांत घोळ परत आली. कुर्डू आला, त्याचं बी कुठून आलं देव जाणे. पुनर्नवा नाही आली ती नाहीच. कुंपणाच्या कडेला आघाडा भाऊजींनी मुद्दाम लावला, कुणी आघाडा लावतो का? रोपवाटिकेत विचारलं तर तो माणूस हसला. शेवटी रेल्वेच्या रुळाकडेनं उपटून आणला. आई खुर्ची टाकून फरशीवर बसायच्या आणि काठीनं दाखवायच्या, हे ठेव, ते काढ. पाच पावसाळे त्यांनी असे काढले. २०१९ ला गेल्या.

खडकाचा कापलेला भाग अजून दिसतो. जुना खडक काळपट-करडा आहे, वरून शेवाळाचे डाग, नि कापलेली बाजू ताजी गुलाबी, मशीनच्या रेघांसकट. भाऊजींना वाटतं हळूहळू रंग मिळून येईल. एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना घरी आले असताना विचारलं, तर ते म्हणाले, येईल की, पण आपल्या हयातीत नाही.

यंदा श्रावणाच्या आदल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती कोंडापूरला चौदाव्या मजल्यावर राहते, आता तिला सात महिन्यांचं बाळ आहे. "मामी, ऑनलाइन जिवतीचा कागद मिळाला, आघाडा नाही मिळाला. तुमच्याकडं असतो ना?" गुरुवारी संध्याकाळी ती बाळाला घेऊन आली. भाऊजी, आता सत्तरी आलेले, कुंपणाकडं गेले, चार डहाळ्या तोडल्या, वर थोड्या दूर्वा खुडल्या, पाण्याचं फडकं गुंडाळलं. बाळाला आम्ही खडकावर बसवलं, दिवसभराचा तापलेला, संध्याकाळी छान कोमट असतो. ते दोन्ही हातांनी थापट्या मारत बसलं.